‘अननोन प्लेझर्स’ एलपी: आठ महिने वापरल्यावर

ज्यांना फक्त ‘घेऊ की नको’ एवढंच हवंय त्यांना आधीच सांगून टाकतो. घ्या. पण पार्सल उघडताना मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवा आणि पंखा पाचवर असताना हा अल्बम लावू नका. पंख्याचं काय ते पुढे येईलच.

जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडच्या पहिल्या अल्बमची ही पुन्हा छापलेली एलपी, म्हणजे सुईने वाजणारी मोठी रेकॉर्ड, मी एप्रिलमध्ये घेतली. साधी काळी तबकडी, १८० ग्रॅमची. (स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर १८२ भरली. आईने त्या दिवशी काटा दोनदा पुसला.) घरपोच अडतीसशे रुपये पडले. मूळ अल्बम मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सने १५ जून १९७९ ला काढला, पहिल्या खेपेला १०,००० प्रती छापल्या. त्या खेपेतली बऱ्या अवस्थेतली प्रत शोधायला गेलो असतो तर घरात महाभारत झालं असतं, त्यामुळे तो विचार मी केलाच नाही.

पहिली प्रत आली ती भर उन्हाळ्यात, दुपारी अडीचला, आणि कव्हरचा कोपरा चेपलेला. ते एक वेळ चाललं असतं. पण तबकडी ठेवून बघतो तर तिची पार बशी झालेली. टर्नटेबलवर फिरताना कडा बोटभर वर-खाली, आणि टोनआर्म (सुई धरणारा दांडा) बोटीत बसल्यासारखा झोके घेतोय. कुठल्या टेंपोत किती वेळ तापत पडली होती कोण जाणे. विक्रेत्याचा पहिला प्रश्न, ‘अनबॉक्सिंगचा व्हिडिओ आहे का?’ नव्हता. मग त्या फिरत्या बशीचाच व्हिडिओ काढून पाठवला. चार मेल, दोन फोन आणि तीन आठवडे गेल्यावर दुसरी प्रत आली. ती सपाट होती. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रतीबद्दल.

कव्हरबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण हे चित्र अल्बमपेक्षा जास्त लोकांना माहीत आहे. काळ्यावर पांढऱ्या रेघा, मधेच डोंगररांगांसारख्या उसळलेल्या. पुण्यात एफसी रोडवर हा टी-शर्ट घातलेली दहा पोरं दिसतील, त्यातल्या आठांना हा बँड आहे हेही माहीत नसेल. दोष त्यांचा नाही. पुढच्या बाजूला ना बँडचं नाव, ना अल्बमचं. ते चित्र सीपी १९१९ या पल्सारच्या, म्हणजे ठरावीक वेळाने रेडिओ स्पंदनं देणाऱ्या ताऱ्याच्या, स्पंदनांचा आलेख आहे. जोसेलिन बेल यांना १९६७ मध्ये केंब्रिजला सापडलेला हा पहिला पल्सार. पुढे हॅरल्ड क्राफ्ट या संशोधकाने अरेसिबोच्या दुर्बिणीवर त्याची नोंद घेतली आणि १९७० च्या आपल्या प्रबंधात हा आलेख छापला. तिथून तो केंब्रिजच्या एका खगोलकोशात आला, तिथे तो गिटारवाल्या बर्नार्ड सम्नरला दिसला, आणि त्याने तो डिझायनर पीटर सॅव्हिलच्या हातात ठेवला. सॅव्हिलने एकच उद्योग केला: पांढऱ्यावर काळं होतं ते काळ्यावर पांढरं केलं.

दोनेक वर्षांपूर्वी राष्ट्रीय विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला भाच्याला घेऊन गेलो होतो. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, आणि पल्सारचा अभ्यास हे तिथलं एक मोठं काम. मी हाच टी-शर्ट घालून गेलेलो. माहिती सांगणाऱ्या मुलीने माझ्या छातीकडे बोट दाखवून मोठ्या उत्साहाने ‘सीपी १९१९!’ म्हटलं. मी म्हटलं, ‘जॉय डिव्हिजन!’ ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. तिला बँड माहीत नव्हता आणि मला तोवर त्या ताऱ्याचा नंबर पाठ नव्हता. मग तिनेच सांगितलं की त्याचं एक स्पंदन १.३३७ सेकंदांनी येतं आणि आलेखात लागोपाठच्या ८० स्पंदनांच्या रेघा एकाखाली एक लावलेल्या आहेत. मी घरी येऊन गुणाकार केला. कव्हरवर जेमतेम पावणेदोन मिनिटांची टिकटिक आहे. हा आकडा लक्षात ठेवा, मला पुढे टिकटिकीबद्दलच तक्रार करायची आहे.

आता आवाज.

हा अल्बम एप्रिल १९७९ मध्ये मँचेस्टरला लागून असलेल्या स्टॉकपोर्टमधल्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत मुद्रित झाला. निर्माता मार्टिन हॅनेट. चार पोरं, विशीतली: गायक इयन कर्टिस, गिटारवर सम्नर, बेसवर पीटर हुक, ड्रमवर स्टीफन मॉरिस. स्टेजवर हे चौघे धडाधड, अंगावर येणारं वाजवायचे. हॅनेटने त्यांचा तो गोंगाट सोलून काढला आणि मधे रिकामी जागा भरली. ‘रिकामी जागा भरली’ हे वाचायला विचित्र वाटेल, पण लावून ऐकलंत की कळेल. ड्रम एका कोपऱ्यात, बेस समोर, गिटार लांब कुठेतरी पत्र्यावर घासल्यासारखी, आणि कर्टिसचा आवाज या सगळ्यांच्या मागून. आई पहिल्याच दिवशी दारातून म्हणाली, ‘हा माणूस विहिरीत उतरून गातोय का रे?’ इतकं नेमकं समीक्षण मी कुठे वाचलेलं नाही.

बाबांचं वेगळं. त्यांनी पंधरा वर्षं भजनी मंडळात तबला वाजवलाय. हॅनेटला एका ड्रमचा आवाज दुसऱ्या ड्रमच्या माइकमध्ये सांडलेला चालायचा नाही, म्हणून तो मॉरिसला एकेक ड्रम सुटा वाजवायला लावायचा, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. ‘म्हणजे डग्गा आज आणि चाट उद्या?’ जवळजवळ तसंच, म्हटलं. ‘मग लय कोणी सांभाळायची?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी ‘शीज लॉस्ट कंट्रोल’ लावलं. त्यात ठोक्याबरोबर एक ‘फुस्स’ ऐकू येतं. तो खराखुरा स्प्रे आहे, मॉरिसने बंद बूथमध्ये बसून ठोक्यावर मारलेला, आणि त्या वासाने त्याचाच जीव घुसमटला होता. बाबांना ते लगेच ऐकू आलं. ‘डास फार होते वाटतं तिकडे.’ पण पाय हलत होता त्यांचा.

मुद्दा असा की या रेकॉर्डवर अर्धं काम शांतता करते. ‘इनसाइट’ सुरू होतं ते स्टुडिओतल्या लिफ्टच्या घरघरीने. त्याच गाण्यात कर्टिसचा आवाज टेलिफोनच्या तारेतून घेतलाय. ‘कँडिडेट’मध्ये तर बेस आणि ड्रम सोडले तर बाकीचं सगळं भिंतीपलीकडून आल्यासारखं. म्हणून नवी छपाई चांगली की वाईट हे मोठ्या आवाजात कळत नाही, दोन ठोक्यांच्या मधल्या पोकळीत कळतं. आणि आपल्याकडे ती पोकळी पंखा भरून टाकतो. मे महिन्यात मी दुपारी ही रेकॉर्ड ऐकायचो तेव्हा मला वाटायचं, ठीक आहे, सीडीसारखीच तर आहे. मग एकदा रात्री साडेअकराला वीज आली-गेली करत होती, इन्व्हर्टरवर फक्त टर्नटेबल आणि अँप (अँप्लिफायर) चालू ठेवला, पंखा बंद, घामाच्या धारा. त्या रात्री पहिल्यांदा ‘डे ऑफ द लॉर्ड्स’मधली स्नेअर ड्रमची थाप विरत विरत कुठवर जाते ते ऐकू आलं. तेव्हापासून नियमच झाला: वीस मिनिटं एक बाजू, पंखा बंद, मग पंखा लावून पाणी प्यायचं, मग दुसरी बाजू. दोन्ही बाजूंना ए आणि बी न म्हणता ‘आउटसाइड’ आणि ‘इनसाइड’ म्हटलंय, आणि मी खरोखरच दोन्हींच्या मधे गॅलरीत जाऊन उभा राहायला लागलो.

बेसबद्दल एकच सांगतो. हुक बेसच्या वरच्या सुरांवर वाजवायला शिकला, कारण त्याचा अँप इतका भिकार होता की सम्नरच्या गिटारपुढे खालचे सूर त्याचे त्यालाच ऐकू यायचे नाहीत. त्यामुळे इथे चाल बेस गातो आणि गिटार मागे नुसतं कुरतडत बसते. सीडीवर हा बेस ऐकू येतो. एलपीवर तो बोटाने दाबलेल्या तारेसकट येतो. ‘डिसऑर्डर’च्या सुरुवातीला ड्रमनंतर तो घुसतो तेव्हा दर वेळी माझी मान पुढे जाते.

गंमत म्हणजे हुक आणि सम्नर दोघांनाही तेव्हा हा आवाज मुळीच आवडला नव्हता. सगळी रग गेली, गिटार मिळमिळीत झाली, अशी त्यांची तक्रार. हुकला तर हे पिंक फ्लॉइडसारखं वाटलं, आणि कच्चं, धडाधड पंक वाजवणाऱ्या पोराच्या तोंडी ही शिवीच. मला त्यांचं दुःख समजतं. ‘इंटरझोन’सारखं दोन-सव्वादोन मिनिटांचं गाणं, जे बरंचसं हुकच गातो, ते या रेकॉर्डवर खरंच थोडं पाय बांधून पळवल्यासारखं वाटतं. पण बाकीच्या नऊ गाण्यांना मी हॅनेटच्या बाजूने मत देईन.

आता एलपीची स्वतःची अडचण, आणि इथे मला थोडं तांत्रिक व्हावं लागेल. तबकडी एकाच वेगाने फिरते, मिनिटाला सव्वातेहतीस फेऱ्यांच्या किंचित वर. पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि बाजू संपताना त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्या जागेत कोंबायचा. शहाणा माणूस बाजूच्या शेवटी एखादं हळूवार गाणं ठेवतो. इथे ‘आउटसाइड’च्या शेवटी आहे ‘न्यू डॉन फेड्स’, जे हळूहळू चढत जातं आणि अगदी शेवटी, लेबलच्या जवळ, सर्वांत मोठ्याने ओरडतं. साध्या गोल टोकाच्या सुईने माझ्याकडे तिथे कर्टिसच्या ‘स’ला तांदूळ निवडल्यासारखी खसखस यायची. मी आधी दोष छपाईला दिला. जुलैमध्ये कार्ट्रिजचा (सुई ज्यात बसते त्या डबीचा) कोन कागदी कोनमापक लावून नीट केला, सुईचा दाब पावणेदोनवरून दोन ग्रॅम केला, तेव्हा निम्मी खसखस गेली. सप्टेंबरमध्ये लंबगोल टोकाची सुई बसवली, तेव्हा उरलेलीतली बरीचशी गेली. थोडी आहे अजून. ती राहणार. ही रेकॉर्ड घेऊन ‘आवाज फाटतो’ म्हणून लगेच परत करायला निघालेल्यांनी आधी स्वतःच्या सुईकडे बघावं, एवढंच माझं म्हणणं.

आणि आता ती टिकटिक. ‘इनसाइड’ची शेवटची सहा मिनिटं म्हणजे ‘आय रिमेंबर नथिंग’. सगळ्या अल्बममधलं सर्वांत मोकळं, सर्वांत ओसाड गाणं. त्यात मधेच काच फुटते. ही बाटली स्टुडिओत फोडलेली आहे, पण मला हे गाणं सीडीवर वर्षानुवर्षं ऐकूनही एलपीवर पहिल्यांदा दचकायला झालं, कारण मला वाटलं माझ्या तबकडीलाच काहीतरी झालं. मग लक्षात आलं की काच ठीक आहे, पण काचेच्या आसपास आणखी एक बारीक ‘टक्’ आहे. टक्. टक्. टक्. हेडफोन लावून, मोबाइलचं स्टॉपवॉच हातात घेऊन बसलो. बरोबर १.८ सेकंदांनी. तबकडीची एक फेरी तेवढीच असते. म्हणजे हा आवाज गाण्यात नाही, तबकडीवर आहे, एकाच जागी आडवा, आणि दर फेरीला सुई त्याच्यावरून जातेय. मोजले: बारा. साधारण बावीस सेकंदांचा मामला. टॉर्च तिरका धरून पाहिलं तर ओरखडा नाही, नुसता मोहरीपेक्षा बारीक एक फुगवटा, प्लास्टिकमध्येच. हा छापतानाचा दोष. पुसून जाणारा नव्हे. परत करायची मुदत तेव्हा संपून गेली होती, कारण पहिल्या दोन महिन्यांत मी पंखा लावून ऐकत होतो!

म्हणून नवीन प्रत आली की पहिल्याच आठवड्यात, रात्री, पंखा बंद करून, दोन्ही बाजूंची शेवटची गाणी हेडफोनवर ऐका. बाकीची गाणी नंतर ऐकली तरी चालतील.

पावसाळ्याचं थोडक्यात. बाबांच्या जुन्या नाट्यसंगीताच्या रेकॉर्डवर जी पांढरी बुरशी धरते ती हिच्यावर धरली नाही, पण मी आतलं कागदी पाकीट काढून कव्हरमागे ठेवलं आणि तबकडी प्लास्टिकच्या अँटिस्टॅटिक पाकिटात घातली. कागदी पाकिटातून काढ-घाल करताना दोन महिन्यांतच केसासारखे चरे दिसायला लागले होते, ऐकू येत नाहीत पण जीव जळतो. ते कागदी पाकीट मात्र टाकू नका, त्यावर दाराशी आलेल्या हाताचा राल्फ गिब्सनचा फोटो आहे आणि अंधारात अभ्यासाला उठल्यावर तो समोर आला की बरं वाटत नाही. धुळीसाठी कार्बन फायबरचा ब्रश, लावण्याआधी दोन फेऱ्या. दिवाळीच्या साफसफाईत घराबरोबर तीही एकदा डिस्टिल्ड वॉटरने धुतली. लेबलवर थेंब पडला. असो.

अल्बमच्या चाळिशीला, २०१९ मध्ये, एक लाल तबकडीची आवृत्ती निघाली होती, पांढऱ्या कव्हरची. बँडला मुळात जसं हवं होतं तसं पांढऱ्यावर काळ्या रेघांचं चित्र. ठाण्याच्या एका मित्राकडे ती आहे. ऑक्टोबरमध्ये आठवडाभर घरी आणून दोन्ही आलटून पालटून लावल्या. दिसायला ती डाळिंबाच्या रसासारखी, माझी म्हणजे तव्यासारखी. आवाजात मला फरक सांगता आला नाही. बाबांना डोळे मिटायला लावून विचारलं, त्यांनी तीनदा तीन वेगळी उत्तरं दिली आणि चहा मागितला. रंगासाठी जास्त पैसे मोजायचे असतील तर रंगासाठी मोजा, कानांच्या नावावर खपवू नका.

विकत घेणाऱ्या नवख्यांसाठी एक सूचना: ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ या रेकॉर्डवर नाही. ‘ट्रान्समिशन’सुद्धा नाही. दोन्ही वेगळ्या सिंगल्स, म्हणजे सुट्या गाण्यांच्या तबकड्या होत्या, आणि १९७९ ची रचना आहे तशी ठेवलीय हे मला बरोबरच वाटतं. दहा गाणी, चाळीसेक मिनिटं, विषय संपला. मूळ छपाईत खाचा संपतात तिथे, लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर, एका बाजूला ‘धिस इज द वे’ आणि दुसऱ्या बाजूला ‘स्टेप’ असं कोरलेलं होतं. ती ओळ पुढच्या अल्बममधल्या गाण्यातली, म्हणजे तो निघण्याच्या वर्षभर आधीच तिथे येऊन बसली होती.

तो पुढचा अल्बम ‘क्लोझर’ बाहेर आला तेव्हा कर्टिस नव्हता. १८ मे १९८० ला त्याने मॅकल्सफील्डच्या घरी आयुष्य संपवलं, २३ वर्षांचा होता, दुसऱ्या दिवशी अमेरिका दौऱ्यासाठी विमान पकडायचं होतं. मी कॉलेजात असताना काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून याची सीडी घेतली तेव्हा ती मी एखादी चिठ्ठी वाचावी तशी ऐकायचो, प्रत्येक ओळीत शेवट शोधत. आता तसं ऐकवत नाही. मिरगीचे झटके येणारा एक नोकरदार मुलगा, रोजगार कार्यालयात आलेल्या, त्याच आजाराच्या एका मुलीची गोष्ट ‘शीज लॉस्ट कंट्रोल’मध्ये सांगतो, ती मुलगी पुढे वारली, आणि गाताना त्याला हे ठाऊक होतं. गाणं एवढं सांगतं, तेवढं पुरे आहे. उरलेलं आपण त्याच्या गळ्यात बांधायचं कशाला? आणि एलपी उलटायला उठावं लागतं याचा एक फायदा असा की मधे दोन मिनिटं तुम्ही गॅलरीत उभे राहता, खाली कोणीतरी स्कूटरला किका मारत असतं.

त्या बारा टकांचं काय झालं म्हणाल तर काही नाही. विक्रेत्याला पुन्हा लिहिलं नाही. मित्राने त्याच्याकडच्या लाल प्रतीशी अदलाबदल करतोस का म्हणून विचारलं, तर नको म्हटलं, कारण आता काच फुटण्याआधी मी आपोआप मोजायला लागतो. परवा रात्री वीज गेली होती, बाबा अंधारात खुर्चीवर बसले होते. नऊ झाले, दहा झाले, अकरा झाले. बाराव्याला त्यांनी गुडघ्यावर समेची थाप दिली.